गार झाल्यावर परत आलेला ब्रेक

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. आंबेनळी घाट उतरल्यावर लागणारं पोलादपूर सावित्री नदीच्या काठी, जवळजवळ तळाला. या उताराचा हिशेब मी नंतर घरी बसून केला, पण तो आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गाडी १,००० मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, ती ताशी ६० किलोमीटर वेगातली गाडी पूर्ण थांबवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ७० पट असते. गाडी रिकामी असो की माणसांनी भरलेली, हे प्रमाण बदलत नाही, कारण वजन हिशेबाच्या दोन्ही बाजूंना येतं. यातला काही भाग इंजिन खातं, काही वारा आणि टायर. उरलेलं सगळं उष्णता होऊन चाकांसोबत फिरणाऱ्या पुढच्या दोन तबकड्या, म्हणजे डिस्क, आणि मागचे दोन ड्रम यांच्या वाट्याला येतं.

गणपतीच्या आधी आई आणि मी साताऱ्याहून महाड तालुक्यातल्या आमच्या गावी निघालो होतो. गाडी साधी हॅचबॅक, जुनी घेतलेली. घेतल्यावर एका सर्व्हिस सेंटरमध्ये पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतलं होतं आणि त्यांच्या कागदावर ब्रेक ऑइलसमोर बरोबरची खूण होती. घाटात धुकं आणि रिमझिम. पुढे भरलेला टेम्पो, त्याच्यापुढे एसटी, आणि दर वळणावर सगळ्यांचे लाल दिवे. मी दुसऱ्या गिअरमध्ये होते, पण गिअरवर गाडी जेवढी धरली जाते त्याहून रांग हळू चालली होती, त्यामुळे पाय सतत ब्रेकवर.

आधी वास आला. जळक्या रबरासारखा, पण जास्त उग्र. मला वाटलं पुढच्या टेम्पोचा असेल. मग पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. दर दाबाला थोडं आणखी खाली, आणि पायाखाली मऊ. प्रतापगडाच्या फाट्याकडे येताना एका वळणावर ते जवळजवळ तळाला टेकलं आणि गाडीचा वेग कमी झाला नाही.

त्या क्षणी काय केलं ते क्रमाने लिहिते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पेडल सोडून पटापट दोन-तीनदा पुन्हा दाबलं. त्याने थोडा ब्रेक आला. गिअर पहिल्यात टाकला. इंजिन ओरडलं, ओरडू दिलं. हँडब्रेकच्या दांड्याचं बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि दांडा हळूहळू वर ओढला. बटण दाबून धरलं की दांडा अडकत नाही आणि चाक घसरायला लागलं तर लगेच सोडता येतो. हँडब्रेकची केबल मागच्या ड्रमना थेट ओढते, तिचा ऑइलशी संबंध नसतो. गाडी डोंगराच्या बाजूला रुंद जागा बघून घेतली, थांबवली, चाकाखाली दगड लावला. दरीच्या बाजूला जायचं नाही एवढं एकच डोक्यात होतं.

जवळच्या टपरीवरचा मुलगा बादलीभर पाणी घेऊन धावत आला. घाटात चाकावर पाणी ओतण्याची पद्धत आहे आणि त्याचा हेतू चांगलाच होता. मी त्याला थांबवलं. डिस्क बिडाची असते. प्रचंड तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ती वाकडी होऊ शकते, तिला तडाही जाऊ शकतो. तिला वाऱ्यानेच गार होऊ द्यावं.

मी चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, न लावता. तिन्ही चाकं गरम होती. चौथं, पुढचं उजवं, इतकं तापलं होतं की वीतभर अंतरावरूनही हात मागे घ्यावा लागला. वास तिथलाच होता. त्या चाकाची रिम बाकीच्यांपेक्षा काळीही होती. अलीकडे गाडी धुताना ते लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा माझ्याकडे नव्हता.

अर्ध्या-पाऊण तासाने पेडल दाबून पाहिलं तर ते वर, घट्ट, अगदी नेहमीसारखं. आई म्हणाली, "झालं ना नीट? चल मग, अंधार पडायच्या आत पोचू." रांगेतले दोघं-तिघंही तेच म्हणाले, थोडं थांबलं की ब्रेक येतो. हे खरं आहे, आणि सगळ्यात धोक्याचं हेच आहे. ब्रेक गार झाल्यावर परत येतो, माणूस निर्धास्त होतो, आणि उतार अजून अर्धा बाकी असतो. दुसऱ्यांदा तापायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. मी टोइंगची गाडी मागवली. आईला गावच्या एका ओळखीच्या जीपमध्ये पुढे पाठवलं आणि गाडीसोबत महाडच्या गॅरेजला गेले.

मेस्त्री साठीच्या पुढचे, आयुष्याची बरीच वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेडल दाबलं, बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं आणि आत डोकावले. ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. नवीन असतं तेव्हा ते फिकट पिवळं, पारदर्शक असतं. ऑइलमध्ये मुरलेलं पाणी दाखवणारं, पेनासारखं एक दिव्यांचं यंत्र त्यांनी आत बुडवलं. लाल दिवा लागला.

"ताई, ब्रेक गेला नव्हता. ऑइल उकळलं होतं."

मग त्यांनी जे समजावलं आणि मी नंतर वाचून पडताळलं, ते असं. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ऑइलवर दाब देतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून तो दाब नळ्यांमधून जसाच्या तसा चारही चाकांपर्यंत पोचतो. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा असतो हा पास्कलचा नियम शाळेत शिकतो तोच. पेडलचा दांडा पायाचा जोर काही पटींनी वाढवतो, बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर त्यात भर घालतो, आणि घासणारे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मास्टरच्या दट्ट्यापेक्षा मोठा असल्यामुळे जोर आणखी वाढतो. ही सगळी रचना द्रव दाबला जात नाही या एका गोष्टीवर उभी आहे. त्या द्रवाची वाफ झाली की ती दाबली जाते. पाय वाफेलाच दाबत बसतो आणि पॅडपर्यंत काही पोचत नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल परत येतं.

पाणी येतं कुठून? ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं आणि ते पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओढतं तसं हवेतलं बाष्प ओढून घेतं, रबरी होजमधून, झाकणातून, वर्षानुवर्षं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०. म्हणजे पाणी मुरलेल्या ऑइलची घाटातली सवलत पाऊणशे अंशांनी कमी झालेली असते आणि सपाट रस्त्यावर याचा कधी पत्ताही लागत नाही. साताऱ्यात ऑफिसला जाताना माझे ब्रेक उत्तम होते. म्हणूनच बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायला सांगतात. सर्व्हिस सेंटरच्या कागदावरची ती खूण डबीतली पातळी बरोबर आहे एवढंच सांगत होती. पातळी आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण विचारलं नाही तर दुसरीबद्दल कोणी बोलत नाही. याचा मला आजही राग येतो. अर्धा लिटर ऑइल काहीशे रुपयांत येतं.

घाटात दुसऱ्या प्रकारेही ब्रेक कमी होतो. तेव्हा पेडल घट्ट राहतं, पण कितीही जोर लावला तरी गाडी थांबत नाही. तिथे ऑइल ठीक असतं. पॅडच अतितापून पकड सोडतो. पेडल मऊ की घट्ट, एवढं आठवणीने सांगितलं तर मेकॅनिकचं निम्मं काम होतं. मेस्त्रींनी मला पहिला प्रश्न तोच विचारला होता.

"पण तिन्ही चाकं सोडून एकच का तापलं?" मी विचारलं. ते म्हणाले, "आता तेच बघायचं. खुर्ची घ्या." मी उभीच राहिले. ब्रेक उघडलेला असताना गाडीच्या मालकाने तिथे असावं असं माझं ठाम मत झालंय. शंका घ्यायची म्हणून नव्हे. एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे पायाला आणि कानाला कळायला लागतं.

पुढचं उजवं चाक काढलं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो, त्यातली एक हाताने हलेना. तिचं रबर फाटलं होतं, आत पाणी आणि गंज. डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे ओढणारी जोरदार स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी कडेची रबरी रिंग दाबाच्या वेळी किंचित पिळली जाते आणि पाय काढला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढ्यावर पॅड मोकळा होतो. पिन अडकली की तेवढंही होत नाही आणि पॅड डिस्कला घासत राहतो, पाय ब्रेकवर नसतानाही. आमचं आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलं होतं, तेही एका टोकाला तिरकं. म्हणजे घाटात ते चाक इतरांच्या आधीपासून आणि जास्त तापत होतं. त्याच कॅलिपरमधलं जुनं ऑइल आधी उकळलं. दोन किरकोळ बिघाड एकमेकांना भेटले होते. नुसती पिन अडकली असती तर पॅड लवकर संपला असता, आणि नुसतं ऑइल जुनं असतं तर कदाचित त्या दिवशी घाट उतरूनही गेलो असतो.

नव्या पॅडवर साधारण दहा-बारा मिलिमीटर मसाला असतो, तो तीनच्या आसपास आला की बदलायचा. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते, ती डिस्कला टेकली की किंचाळल्यासारखा आवाज येतो. तो आवाज म्हणजे निरोप. त्यानंतरही चालवत राहिलं की मसाला संपून लोखंड लोखंडावर घासतं, खरखर सुरू होते आणि पॅडच्या खर्चात डिस्कचाही खर्च येतो. मेस्त्रींनी डिस्कच्या कडेवर कोरलेली किमान जाडी दाखवली. आमची डिस्क त्याहून जाड होती, पण एका बाजूला तापून निळसर डाग पडले होते. तिची जाडी सगळीकडे सारखी नसेल तर ब्रेक दाबताना पेडल आणि स्टिअरिंग थरथरतं. त्यांनी मोजलं, फरक निघाला. मी दोन्ही डिस्क नव्या घेतल्या. एकाच बाजूची बदलली तर दोन चाकांची पकड वेगळी राहते आणि गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. पॅड आणि ड्रमला आतून घासणारे शूसुद्धा जोडीनेच बदलायचे असतात.

मागचे ड्रम उघडण्याआधी त्यांनी धुळीवर पाण्याचा फवारा मारला. एअर गनने ब्रेकची धूळ उडवायची नाही, हा त्यांचा वर्कशॉपमधला नियम. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या मसाल्यात, ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात जाते. डाव्या ड्रममध्ये शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलली तर आत ओल. ऑइल अजून शूवर आलं नव्हतं. शू एकदा ऑइल प्यायला की तो घासून, जाळून, धुऊन पुन्हा वापरायचा नाही, टाकायचाच. सिलिंडर नवा बसवला, शू बदलले. उजवीकडचा कोरडा होता तरी तोही बदलला.

मग सगळ्यात मला आवडलेला भाग, हवा काढण्याचा. त्यांचा मदतनीस गणपतीला गावी गेला होता, म्हणून पेडलवर मी बसले. पायाखाली त्यांनी लाकडाचा ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या रोज ठरावीक अंतरच जातो, त्यापुढच्या भागात गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल एकदम तळाला दाबलं तर सील तिथे जाऊन फाटतं. म्हणून ठोकळा.

सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून. आमच्या गाडीचं मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून ते सगळ्यात लांबचं. काही गाड्यांना क्रम वेगळा असतो, तो त्या गाडीच्या पुस्तकात बघावा लागतो. हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

"दाबा... सोडा... दाबा... सोडा... दाबून धरा!"

मी धरायचे. ते पान्ह्याने निपल सैल करायचे, पेडल माझ्या पायाखाली खाली जायचं, नळीतून काळसर ऑइल आणि बुडबुडे निघायचे. "बंद. आता सोडा." निपल बंद होण्याआधी पाय सोडला तर हवा परत आत ओढली जाते, म्हणून त्यांचा शब्द येईपर्यंत पाय हलवायचा नाही. मधूनमधून ते उठून डबी भरायचे. ती रिकामी झाली तर मास्टरमध्येच हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. नळीतला चहासारखा रंग हळूहळू पिवळा झाला, मग बुडबुडे थांबले. चौथ्या चाकाशी आलो तोवर पेडल वरच्या वर अडत होतं. ब्रेकमध्ये हवा असणं म्हणजे काय, हे मला वाचून कधी इतकं कळलं नसतं.

ऑइल सांडलं तिथे त्यांनी लगेच पाणी ओतलं, ते गाडीचा रंग खातं. आणि बाटली कधी उघडली होती ते त्यांनी बाटलीवर पेनाने लिहिलेलं होतं. अर्धवट उरलेली जुनी बाटली ते वापरत नाहीत.

गॅरेजबाहेर एक ट्रक उभा होता, त्यावरून बोलणं निघालं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. त्यात हवा संपली तर उलट ब्रेक लागतो, कारण मागच्या चाकांचा स्प्रिंग ब्रेक हवेच्या दाबानेच मोकळा धरलेला असतो. तरीही उतारावर ट्रक का सुटतात? मेस्त्री म्हणाले, "हवा असते, पण ड्रम तापून फुगतो आणि शू पोचत नाही." शिवाय डिझेल वाचवायला काहीजण उतारावर न्यूट्रल करतात. मग इंजिन गाडीला धरत नाही, धुराची वाट अडवून इंजिनला रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक नाही, सगळा भार लायनरवर. इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा कंप्रेसरही थांबतो. साताऱ्याहून पुण्याला जाताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंतचा तो लांब उतार मला नेहमी लागतो. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. आधी ब्रेक फेल झाल्याची बातमी आली, नंतर ट्रक उतारावर न्यूट्रलमध्ये होता असं पोलिसांनी सांगितलं. कारमध्येही हे लागू आहे. इंजिन बंद पडलं की बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांना पुरतो, मग पेडल दगडासारखं होतं. ब्रेक तेव्हाही असतो, फक्त दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो. हे माहीत नसेल तर माणूस पेडल सोडून देतो.

बूस्टर तपासायची रीत त्यांनी माझ्याकडूनच करून घेतली. इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं, दाबून धरून इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली गेलं की बूस्टर ठीक. मग तसंच अर्धा-एक मिनिट धरून ठेवायचं. पाय हळूहळू खाली सरकत गेला तर कुठेतरी गळती आहे. बाहेर थेंब दिसत नसेल तर मास्टरच्या आतलं सील. आमचं सरकलं नाही.

पॅड बदलल्यावर पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे गाडी हलवण्याआधी पेडल दाबून वर आणणं आवश्यक. ते न करता गाडी रिव्हर्स घेऊन गॅरेजच्या भिंतीवर गेलेल्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. मग महामार्गावरच्या मोकळ्या, सपाट पट्ट्यात मी गाडी साठपर्यंत नेऊन बेताने वीसपर्यंत आणत राहिले, मध्ये थोडं अंतर धावू देत, कुठेही पूर्ण न थांबता. नव्या पॅडचा मसाला डिस्कवर असा सारखा बसवावा लागतो. शेवटी मागे कोणी नाही हे पाहून एकदा जोरात दाबलं. गाडी सरळ रेषेत बसली आणि पेडल पायाखाली थरथरलं. ते एबीएस, चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा. अशा वेळी पाय काढायचा नाही, पेडल पंपही करायचं नाही, दाबून धरून स्टिअरिंग फिरवायचं. पंप करायचं ते फक्त घाटात मला झालं तसं, पेडल खाली गेल्यावर.

गणपती झाल्यावर साताऱ्यात परतले तेव्हा डबीतली पातळी पाहिली, खूण होती तिथेच होती. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला कागद फिरवून पाहिला, कोरडा. नवे शू बसल्यावर हँडब्रेक थोडा सैल लागत होता, केबल एकदा आवळून घेतली. आता गाडी पावसात रात्रभर उभी करायची असेल आणि जागा सपाट असेल, तर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवते, म्हणजे शू ड्रमला गंजून चिकटत नाहीत.